चालता आहातच, आता थोडं वजनही उचला

शेजारी एक भक्कम खुर्ची ठेवा, घरातल्या कुणाला तरी जवळ उभं करा आणि जमिनीवर मांडी घालून बसा. आता उठा. हात टेकायचा नाही, गुडघा टेकायचा नाही, मांडीवर तळवा दाबून रेटाही द्यायचा नाही. जमलं का? ज्यांचे गुडघे किंवा खुबे मुळातच दुखरे आहेत त्यांनी हे करून बघू नये. बाकीच्यांनी मात्र पुढचं वाचण्याआधीच करून बघावं.

रिओ दि जानेरोचे डॉक्टर क्लॉडिओ जिल अराऊजो यांनी या बसण्याउठण्याची दहा गुणांची परीक्षाच तयार केली. बसायला पाच गुण, उठायला पाच. जितक्या वेळा हात किंवा गुडघा टेकाल तितके गुण गेले, तोल ढळला तर अर्धा गेला. 51 ते 80 वयाच्या दोन हजार लोकांना त्यांनी असं बसवलं-उठवलं आणि 2012 साली निष्कर्ष छापले. आठपेक्षा कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा-एक वर्षांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट जास्त निघालं. याचा अर्थ हात टेकला की चित्रगुप्ताने वही उघडली, असा नाही. आधीच आजारी असलेल्या माणसाला गुण कमी पडणारच. पण पायांतली ताकद, कंबर, तोल आणि सांध्यांची मोकळीक या सगळ्यांचा हिशेब त्या एका उठण्यात होतो, एवढं खरं.

गंमत अशी, की त्या डॉक्टरांनी मुद्दाम रचलेली ही परीक्षा आपल्या घरांत एके काळी दिवसातून दहादा होत होती. जेवायला पाटावर, भाकरी थापायला चुलीपुढे, धुणं धुवायला उकिडवं, अंथरूण घालायला आणि काढायला जमिनीवर. मग टेबल आलं, ओटा आला, कमोड आला, पलंग आला. ते आले ते बरंच झालं, मागे जायला मी सांगत नाही. पण कुठल्याही सत्यनारायणाच्या पूजेला आरती झाल्यावर दोन मिनिटं नुसतं बघत उभे राहा. पन्नाशीच्या काकू आधी एक हात सतरंजीवर रोवतात, मग गुडघ्यांवर पालथ्या होतात, दुसरा हात शेजारणीच्या खांद्यावर जातो, तोंडातून 'आई गं' निघतं, आणि उभ्या राहिल्यावरही कंबर सरळ होईपर्यंत त्या तशाच किंचित वाकून थांबतात. काका तर खाली बसतच नाहीत. त्यांच्यासाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग मांडलेली असते, आणि दर वर्षी तिच्यात चार खुर्च्या वाढतात.

हे म्हातारपण नाही. पन्नाशी हे काही म्हातारपणाचं वय नव्हे. न वापरल्यामुळे गेलेली ती ताकद आहे, आणि तिचा बराचसा भाग परत मिळतो. ते कसं, एवढंच मला सांगायचं आहे.

तिशी उलटल्यावर कधीतरी स्नायू झिजायला लागतात. काहीच केलं नाही तर दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. चाळिशीत हे लक्षात येत नाही, कारण वजनाचा काटा जागचा हलत नाही. स्नायू गेले त्या जागी चरबी आली, बेरीज तीच. 'माझं वजन लग्नात होतं तेवढंच आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी लग्नातला सफारी घालून बघावा. ताकदीपेक्षाही वेगाने जाते ती चपळाई. पाय अडखळला की दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरणं, बसमध्ये ब्रेक लागला की दांडा घट्ट धरणं. न्हाणीघरात घसरून खुबा मोडल्याच्या किती हकिगती आपण ऐकतो. त्यांतल्या अनेकींची सुरुवात वीस वर्षं आधी झालेली असते.

यावर लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: मी रोज चालतो.

चाला की. चालणं सोडा असं कुणीही शहाणा माणूस सांगणार नाही. हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला, झोपेला आणि डोक्यातल्या कटकटींना चालण्यासारखा स्वस्त उपाय नाही. पण चालताना पायांवर येतो तो तुमच्या अंगाचाच भार. तो त्यांना वर्षानुवर्षं सवयीचा असतो, म्हणून त्याने ताकद वाढत नाही. पाठ, खांदे, दंड, मनगटं यांना तर तासभर सुट्टीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी ज्या शिफारशी केल्या त्यांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि त्याला जोडूनच आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीनदा. यातलं चालण्याचं कलम सगळ्यांना पाठ आहे, दुसरं कुणी वाचलेलंच दिसत नाही. दहा हजार पावलांचा हट्ट धरणाऱ्यांना जाता जाता एक सांगतो. तो आकडा वैद्यकातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता.

आपल्या लोकांना ताकदीच्या व्यायामाची गरज इतरांपेक्षा जरा जास्तच आहे, आणि त्यामागचं कारण दाखवून दिलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. दोघंही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. वरून बारीक, आतून स्थूल अशी आपली ठेवण. 'मी कुठे जाडा आहे, मला व्यायामाची काय गरज' हे वाक्य म्हणूनच आपल्याकडे धोक्याचं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. गिऱ्हाईकच रोडावलं तर माल रक्तातच पडून राहणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी 11.4 टक्के, म्हणजे दहा कोटींहून जास्त लोक मधुमेही निघाले. औषधं घ्यावीच लागतात, पथ्यही पाळावं लागतं. पण मांड्या आणि पाठ हे शरीरातले सर्वात मोठे स्नायू कामाला लावणं हा त्या उपचाराचाच भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेकांच्या दिनक्रमात नसतो.

बायकांशी इथे जरा वेगळं बोलायला हवं. पाळी थांबल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. आपल्याकडे पाळी बहुधा पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान थांबते. म्हणजे मुलांची बारावी, सासूबाईंचं आजारपण आणि स्वतःची हाडं एकाच वेळी हातघाईवर येतात. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन बायका स्वस्थ बसतात. हाडांना मात्र भार लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात हाडं विरळ झालेल्या, अठ्ठावन्नच्या पुढच्या शंभर बायकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्यांची घनता सरासरी जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या निम्म्यांची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली. आधी काही आठवडे त्यांना हलक्या वजनांवर उचलण्याची रीत शिकवली होती, हे विसरू नये. हे वाचून उद्या कुणी एकदम गव्हाचं पोतं उचलायला जाऊ नका.

'घरात दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला?' राबता हे खरंच. पण धुणी, भांडी, पोछा यांत तोच भार, त्याच दिशेला, वर्षानुवर्षं. अंग दमतं, सशक्त होत नाही. शिवाय बहुतेक कामं पुढे वाकून होतात आणि पाठ तशीच राहते. दुसरी शंका जरा दबक्या आवाजात येते: वजनं उचलून मी पुरुषासारखी दिसायला लागले तर? नाही दिसणार. तसे पिळदार स्नायू कमवायला पुरुषांच्या अंगातलं संप्रेरक, वर्षानुवर्षांची कठोर मेहनत आणि खुराक लागतो. तुम्हाला मिळेल ते एवढंच, की सिलिंडर आला की शेजारच्या पोराला हाक मारावी लागणार नाही. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलोचा असतो. त्यात गॅस 14.2 किलो, बाकी लोखंड.

'आता या वयात?' हा प्रश्न तर पंचेचाळिशीची माणसंही विचारतात. त्यांच्यासाठी बोस्टनमधली 1990 सालची हकिगत सांगतो. मारिया फियातारोन या डॉक्टर बाईंनी वृद्धांच्या एका संस्थेतल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. वयं 86 ते 96. वजनं खेळण्यातली नव्हती, ज्याला त्याला झेपतील तेवढी जड होती. नऊ जणांनी व्यायाम पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, आणि दोघांची काठी सुटली. त्याच अभ्यासात पुढे त्यांनी महिनाभर व्यायाम थांबवला, तर ताकदीतली जवळजवळ एक तृतीयांश गेलीही. तेव्हा हे काम दिवाळीच्या साफसफाईसारखं वर्षातून एकदा उरकता येत नाही.

आपल्याकडची साक्ष हवी असेल तर औंधला जा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडो या नामांकित बलोपासकाच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम करत. सूर्यनमस्कारांकडे ते वळले चाळिशीच्या सुमारास. पुढे संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि 1951 साली गेले तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. आज सूर्यनमस्कार आपल्या घराघरांत आहेत ते मोठ्या प्रमाणावर त्यांच्या आग्रहामुळे. मला नमस्कार आवडतात. पण दोन गोष्टी त्यांच्यात नाहीत. भार वाढवत नेता येत नाही, आणि ओढण्याची हालचाल नाही. जोर-बैठकांचंही तेच. जोर काढताना ढकलणं आहे, बैठकेत उठणं आहे, ओढणं कुठेच नाही. जुन्या माणसांचं यावाचून अडलं नाही, कारण घरोघर विहिरीचं पाणी शेंदावं लागे. तालमीत मल्लखांब असे, दोर असे, आणि मातीत समोरच्याला खेचायचं असेच. आता विहिरीवर मोटर बसली आणि पाठीचं काम संपलं. आणि हो, वर्षभर काही न करता रथसप्तमीला एकदम 108 नमस्कार घालू नका. दुसऱ्या दिवशी खांदे धरून बसलेली माणसं मी दर वर्षी बघतो.

मग करायचं काय? जिम लागत नाही. घरात खुर्ची, ओटा, पाठीला लावायची एक सॅक आणि तांदळाच्या पाच किलोच्या दोन-तीन पिशव्या असल्या की सुरुवातीचे सहा महिने निघतात.

खुर्चीपासून सुरू करा. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हातांची घडी छातीवर. उठा, पूर्ण सरळ व्हा. आता खाली येताना मनात तीन मोजा. इथेच सगळे चुकतात. उठतात नीट आणि बसतात धपकन. सावकाश खाली येण्यातही मांडीला भरपूर काम असतं, तेच धपकन बसून वाया जातं. उठताच येत नसेल तर बैठकीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. दहा वेळा सहज जमायला लागलं की एक उशी काढा, मग दुसरी, मग छातीशी पाच किलोची पिशवी धरा. जिना चढताना गुडघे कुरकुरतात म्हणून पाय वाचवत बसलेल्या कितीतरी लोकांना मांड्या भरल्यावर आराम पडतो. झिजलेल्या गुडघ्यांसाठी मांडीचा व्यायाम हा वैद्यकातला मान्य उपचार आहे.

दुसरं ढकलणं. ज्यांना जमिनीवर एकही जोर निघत नाही त्यांनी भिंतीला हात लावून काढावा, मग ओट्याच्या कडेला, मग पलंगाच्या, मग खाली. अंग डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत ठेवा, पोट लोंबू देऊ नका. जागा जितकी खाली तितका भार जास्त.

तिसरं, आपलं हरवलेलं ओढणं. डावा हात पलंगावर टेकून पुढे वाका, पाठ सरळ ठेवा, उजव्या हातात पिशवी लोंबू द्या आणि कोपर बरगडीला घासत वर ओढा. खांदा कानाकडे जाऊ देऊ नका. मग हात बदला. रबरी पट्टा मिळाला तर तो खिडकीच्या गजाला अडकवून बसल्या बसल्याही ओढता येईल.

चौथं, जमिनीवरचं वजन उचलणं. कंबर इथेच धरते म्हणून लोक हे टाळतात, आणि टाळल्यामुळे ती पुन्हा धरते. वाकायचं ते पाठीतून नाही, खुब्यातून. दोन्ही हातांत सामान असताना कपाटाचं दार मागच्या मागे ढुंगणाने लोटावं, अगदी तसं बूड मागे न्या. गुडघे थोडे सैल, पाठ सपाट, पिशवी पायांना चिकटून. उभं राहताना टाचांनी जमीन दाबा. आधी नुसत्या काठीने शिका, वजन नंतर.

पाचव्याला शिकवावं लागत नाही. दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन ताठ चाला. मंडईतून येताना एका हाताला सगळ्या पिशव्या आणि दुसऱ्या हाताने फोन, हे सोडलं तरी पुष्कळ झालं. मुठीची पकड याने वाढते, आणि पकड ही क्षुल्लक गोष्ट नाही. भारतासह सतरा देशांतल्या जवळजवळ एक लाख चाळीस हजार लोकांची पकड मोजून 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये अभ्यास आला. पकड जितकी कमकुवत तितकं पुढच्या काळातलं मृत्यूचं प्रमाण जास्त, आणि हे भाकीत वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरलं. नुसता चेंडू दाबत बसून मात्र आयुष्य वाढत नाही. पकड हे साऱ्या अंगाच्या ताकदीचं माप आहे.

दात घासताना एका पायावर उभं राहणं हे यावर वरकड. बेसिनला हात लागेल एवढ्या अंतरावर राहा.

यातलं प्रत्येक आठ ते बारा वेळा, मग मिनिट-दोन मिनिटं दम, असे दोन-तीन फेरे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत. 'अजून दोनेक निघाले असते' असं वाटेल तिथे थांबा, पण दहा-पंधरा निघाले असते असं वाटलं तर वजन फार हलकं आहे. बारा वेळा नीट जमू लागलं की पुढच्या खेपेला किलो-दोन किलो वाढवा. ही वाढ म्हणजेच सगळा व्यायाम. जिममध्ये दोन वर्षं तेच दोन किलोचे गुलाबी डंबेल हलवणाऱ्या बायका आणि बेंचवर बसून मोबाईल बघणारे पुरुष मी पाहतो, तेव्हा त्यांच्या फीची हळहळ वाटते. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी त्या दिवसाचं वजन लिहून ठेवा. तीन महिन्यांनी आकडे हललेले दिसले पाहिजेत.

पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकतील, दोन दिवसांत उतरेल, त्याला घाबरू नका. सांध्यात टोचल्यासारखं झालं, एकाच बाजूला कळ आली, हातापायाला मुंग्या आल्या तर थांबा. जोर लावताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष सांभाळावं. छातीत दुखतं, थोड्या श्रमाने धाप लागते, रक्तदाब आटोक्यात नाही, हर्निया आहे, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे किंवा साधं पडूनही हाड मोडलं आहे, अशांनी आधी डॉक्टरांना भेटावं. त्यांना 'व्यायाम करू का?' असं मोघम विचारू नका. 'चालून या' एवढंच उत्तर मिळेल. 'वजन उचलायचा व्यायाम सुरू करतोय, कशापासून जपू?' असं विचारा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर व्यायामानंतर साखर खाली जाऊ शकते. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. जिममध्ये कुणी कोसळल्याच्या बातमीने घाबरणाऱ्यांनाही हेच सांगणं. तपासणी करून घ्या, हळूहळू वाढवा, शेजारच्या पोराशी पैज लावू नका.

आता खाण्याचं. स्नायू प्रथिनांवर उभे राहतात आणि आपलं जेवण इथे लंगडं आहे. सरकारी शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम. उतारवयात तज्ज्ञ किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. सकाळी चहा-पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात आणि वाटीभर पातळ वरण, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री खिचडी. यातून ते पन्नास गाठताना ओढाताण होते. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, मूठभर शेंगदाण्यांत सात, सुक्या सोयाबीन वड्यांच्या पन्नास ग्रॅममध्ये पंचवीस. पोह्यांत शेंगदाणे आणि मटार सढळ हाताने घाला, वरण दाट करा, उसळ रोज होऊ द्या. मासे, अंडी, चिकन खाणाऱ्यांनी ते रविवारपुरतं राखून ठेवू नये. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नसतात. खिचडीची लाज राखते ती दाण्याच्या कुटाने. उपास करा, पण ताक आणि दाणे सोडू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

पावडरीचा डबा घ्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. ती दुधातलीच प्रथिनं आहेत, विष नाही आणि अमृतही नाही. जेवणातून पुरत नसेल तर घ्या. पण ट्रेनर स्वतःच विक्रेता असेल तर सावध राहा, आणि 'फॅट बर्नर' नावाची गोळी किंवा कसलंही इंजेक्शन कुणी पुढे केलं तर त्या दारातून बाहेर पडा. चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी तुमची औषधं विचारतो, तुम्हाला उठून-बसून दाखवायला सांगतो आणि आरशासमोरच्या पोरांसारखी वजनं देत नाही.

शेवटचं सांगणं मंडळवाल्यांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना. कोल्हापूर-सांगलीकडे अजून पेठेपेठेत तालमी आहेत, पुण्या-मुंबईत जुन्या व्यायामशाळा आहेत. सकाळी पोरांची मेहनत संपली की नऊनंतर हे हौदे आणि हॉल मोकळे असतात. ते तास चाळिशीपुढच्यांना द्या, त्यांतले दोन दिवस फक्त बायकांना. वस्तादांनी पैलवान घडवण्यातच आयुष्य घालवलेलं असतं. पासष्टीच्या आजोबांना पाच किलोचं मुद्गल फिरवायला शिकवणं त्यांना कमीपणाचं वाटू नये. आणि नव्या सोसायट्यांत बिल्डरने माहितीपत्रकात दाखवलेली ती जिमची खोली असतेच. बहुधा तिला कुलूप असतं, आत मोडक्या खुर्च्या आणि गणपतीची मखरं ठेवलेली असतात आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते. येत्या रविवारी मीटिंगची वाट न बघता चार जण मिळून त्यांच्याकडे जा आणि किल्ली मागून घ्या. मखरं दुसरीकडे हलवायला चार माणसं लागतीलच, तेवढाच पहिल्या दिवसाचा व्यायाम. फक्त वाकताना खुब्यातून वाका.